कांताबाईचा पॅसेंजर

प्रवासाच्या गोष्टी निघाल्या की आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात जो तो स्वित्झर्लंडचा बर्फ काढून बसतो. बर्फ मीही पाहिला. थंड असतो. त्यापलीकडे सांगण्यासारखं मला त्यात काही सापडलं नाही. माझ्या डाव्या भुवईवर ही जी खूण आहे, ती मात्र यवतमाळ-पांढरकवडा एसटीत मिळाली, तीही भरदिवसा. कोणी तिच्याबद्दल विचारलं की मला कांताबाईबद्दल सांगावं लागतं. तेव्हा सरळ कांताबाईबद्दलच लिहिते.

कांताबाई त्या गाडीवर कंडक्टर होती. उंचीला बेताची, खांद्यांना रुंद, खाकी साडीचा पदर कमरेला करकचून खोचलेला. डाव्या हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पंचानं ती भलतंच काहीतरी करत होती.

झालं असं की जोडमोह्याला एक दारू प्यालेला माणूस चढला आणि कॉलेजच्या एका पोरीला रेटून बसला. गर्दीत त्याचा हात नको तिथे गेला. पोरगी रडवेली होऊन उठली. मी काही बोलणार, तेवढ्यात कांताबाई आली. शिवी नाही, आरडाओरडा नाही. त्या माणसाच्या कानाची पाळी तिनं पंचात धरली आणि दाबली. कचकन आवाज आला. तो माणूस असा किंचाळला की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मानेवरून रक्ताची धार सदऱ्यात उतरली.

"उतरवा त्याला इथेच!" मी म्हटलं.

"कायले?" कांताबाई म्हणाली. "मोहद्यापर्यंत तिकीट काढलं त्यानं. मोहद्यालेच उतरवीन." मग त्याला खाली आपल्या पायाशी बसवलं, काच पुसायचं फडकं दिलं आणि म्हणाली, "धर कानाले. माही गाडी भरवू नको."

हा तिचा कायदा होता. पुढे तो मी तिच्याच तोंडून ऐकला: "गाडीत चढला, तिकीट घेतलं, का तो माहा. मंग चोर असो का आमदार. उतरला का सुटला, मंग त्याचं तो पाहीन."

माणूस म्हणून ती गोड मुळीच नव्हती. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. प्यायचा आणि जुन्या फॅनबेल्टनं तिला फोडून काढायचा. एक दिवस तिनं तोच बेल्ट हिसकावला आणि तो जमिनीवर लोळेपर्यंत मारला. पुढे त्यानं हात उगारला नाही. "मंग चांगला संसार केला आमी," हे ती मला अगदी सहज सांगत होती, जसं कोणी सांगावं की मग आम्ही घराला रंग दिला. दारूनं तो नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी तिला घेतलं. पदरी एक मुलगी, दीपा. माहेर बोरी अरबचं. तिथे सख्खा भाऊ भीमराज, थोडीशी कोरडवाहू जमीन, कापूस.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसाचं नाव काढलं की माणसं एकतर गप्प व्हायची नाहीतर अंगावर यायची. भाव पडलेला, अळीनं बोंडं पोखरलेली आणि जे काही हाती लागलं ते घेऊन खरेदी केंद्रावर रांग. रांगेच्या टोकाला ग्रेडर. तो कापूस बघणार, ओढणार आणि सांगणार: पास, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे डागी, किडका माल. म्हणजे गाडी परत.

दारव्ह्याकडच्या एका केंद्रावर पुंडलिकराव नावाचा ग्रेडर होता. भीमराजची गाडी बरेच दिवस रांगेत उभी होती. नंबर आला तेव्हा पुंडलिकरावनं चिमूटभर कापूस ओढून बघितला, म्हणाला, "कवडी. परत." भीमराजनं हात जोडले, मग शिव्या दिल्या. मग फाटकाबाहेर येऊन बैल सोडले आणि भरल्या गाडीला स्वतःच काडी लावली. भडका उडाल्यावर शुद्धीवर आला आणि तोच कापूस हातांनी ओढून काढायला लागला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटं चिकटली ती चिकटलीच.

एवढं आधी सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

फेब्रुवारी महिना. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मी बाहेरची परीक्षक म्हणून पांढरकवड्याला निघाले होते. वनस्पतिशास्त्र शिकवत होते मी. यवतमाळच्या स्टँडवर गाडी लागली. स्टिअरिंगवर हिरासिंग होता, दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरचा. जाड भुवया, बोलणं कमी, नोकरी संपायला आलेली. गाडी सुटता सुटता एक माणूस धावत चढला. माकडटोपी, काळा स्वेटर, हातात रेक्झिनची बॅग.

"पांढरकवडा एक," तो म्हणाला.

कांताबाईनं तिकीट फाडायला हात घातला आणि वर बघितलं. तिचा हात तिथेच थांबला.

"कोनत्या खात्यात आहा जी तुम्ही?"

"आरोग्य खात्यात," तो टोपी खाली ओढत म्हणाला.

"अच्छा. लोकायची तब्येत पाहता." तिनं तिकीट फाडलं, पंच असा दाबला की तिकिटाचा कोपराच गळून पडला. "मागं जा. शेवटच्या शीटवर. चाकाच्या वरतं."

समोरची सीट रिकामी होती. तो मुकाट्यानं मागे गेला. आरशातून हिरासिंग त्याच्याकडे बघत होता. मग त्यानं कांताबाईकडे बघितलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि दात आवळून म्हणाली, "मॅडम, तो पुंडलिकराव आहे. केंद्रावर पाह्यला होता मी. माह्या भावाचा हात जाळला त्यानं. बदली झाली वाट्टे पांढरकवड्याले."

"मग आता?"

"मंग काय? तिकीट काढलं न त्यानं."

मोहदा मागे पडलं आणि थोड्या वेळानं गाडी थांबली. रस्त्यावर आडव्या बैलगाड्या, कापसानं भरलेल्या. मध्ये टायर जळत होते. पांढरकवड्याचं खरेदी केंद्र कितीक दिवस बंद, गाड्या रांगेत, लोक उघड्यावर. आणि बातमी फुटली होती की दारव्ह्याकडच्या गाड्या परत पाठवणारा ग्रेडर आज इथे रुजू होणार. या बाजूच्या लोकांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणून ते प्रत्येक गाडी अडवत होते.

पहिला दगड माझ्याच खिडकीवर आला. काच फुटली आणि भुवई उघडी पडली. डोळ्यात रक्त गेलं, त्यामुळे पुढचं अर्धं मी एका डोळ्यानं पाहिलं. पण पाहिलं.

दार उघडून जो वर आला त्याचं नाव धावजी. मागे चारपाच जण, कोणाच्या हातात बैलगाडीच्या कडेचे दांडे, उभाऱ्या, कोणाकडे पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडाचे, वाळके फोक.

"कंडक्टरीन बाई, ग्रेडर आहे का गाडीत?"

"गाडीत पॅसेंजर आहे."

"एसटीनं येऊन राह्यला म्हणते."

"म्हणते त्यालेच विचार न. मले काहून विचारतं?"

"तुले माहीत असंन."

"मले तिकीट माहीत. तू बिनतिकिटाचा चढला. खाली उतर, नाहीतर तुह्यंही फाडीन."

मागचे हसले. धावजी हसला नाही. तो ड्रायव्हरकडे वळला. "हिरासिंग, तू तं आपला माणूस. तू बोल."

हिरासिंगनं बिडी पेटवली. "मी समोरचं पाहतो. मागचं बाई पाहते."

दोघांनाही माहीत होतं. एकानंही सांगितलं नाही. मला वाटलं, सुटला. पण धावजी मूर्ख नव्हता. खाली उतरून त्यानं आपल्या गाडीतला कापूस ओंजळीत आणला.

"हात पुढं करा सारे," तो म्हणाला. "घाबरू नका. माह्या घरचा कापूस आहे. पाहा न सांगा, कसा आहे."

एकेकाच्या हातात तो बोंडभर कापूस ठेवत गेला. समोरच्या म्हातारीनं सरकी दातांखाली फोडली, म्हणाली, "सुका आहे, बाप्पा." एका मास्तरांनी कापूस नुसता धरून ठेवला, जसा देवळातला अंगारा. मी काय करावं? एका हातानं भुवई दाबलेली. मी तो सरळ पर्समध्ये टाकला.

"बाई, घरी नेऊन राह्यली काय?" मागचा एक जण म्हणाला.

"वाती करीन," मी म्हटलं.

धावजी शेवटच्या सीटपाशी पोचला. पुंडलिकराव झोपेचं सोंग घेऊन बसला होता. धावजीनं त्याच्या तळहातावर कापूस ठेवला आणि काही न बोलता उभा राहिला.

त्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं दुसरं काही केलं नव्हतं हो. त्याची बोटं त्याला विचारायला थांबली नाहीत. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत त्यानं सरकीवरचा धागा धरला, ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. तोकडे तंतू झटकून टाकले आणि उरलेली बारीक पांढरी पट्टी काळ्या स्वेटरच्या बाहीवर सरळ करून ठेवली, धाग्याची लांबी बघायला ग्रेडर ठेवतात तशी. मग त्याला कळलं की आपण काय केलं. तो स्वतःच्या बाहीकडे बघतच राहिला.

धावजीनं अगदी हळू विचारलं, "सायेब, किती भरला धागा?"

पुढचं फार पटकन झालं. त्याला पाय धरून ओढत नेलं. गाडीच्या प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटलं. खाली पाडून पऱ्हाटीनं झोडपलं. वाळलेली पऱ्हाटी पाहिली आहे ना तुम्ही? तिच्या फुटक्या बोंडांना काटे असतात. स्वेटर फाटला, मग पाठ. तो आधी ओरडत होता, मग नुसतं "हं, हं" करायला लागला. एकानं उभारी त्याच्या बरगडीत खुपसली. कोणीतरी तोंडावर लाथ मारली आणि दात रस्त्यावर पडले.

"कांताबाई!" मी ओरडले. "अहो, मारतील त्याला!"

कांताबाई दारातल्या दांड्याला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला दया दिसली नाही. नंतर तिनं मला स्वतःच सांगितलं: "दोन रट्टे खाऊ दे म्हटलं. खोटं कायले बोलू? बरं वाटून राह्यलं होतं."

मग धावजीनं त्याचा उजवा हात ओढला आणि रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर अंगठा पसरून ठेवला. "या बोटानं गाड्या परत धाडल्या," तो म्हणाला आणि दुसऱ्यानं त्याला धोंडा दिला. पहिल्या घावाला अंगठ्याचं नख उडालं. दुसऱ्याला हाड फुटल्याचा आवाज गाडीत ऐकू आला. तिसऱ्या वेळी धोंडा वर गेला तो हातावर येणार नव्हता. धावजी पुंडलिकरावच्या डोक्याशी सरकला होता.

तेव्हा कांताबाईनं उडी मारली.

पत्र्याच्या पेटीचा कोपरा तिनं धावजीच्या नाकावर असा हाणला की तो धोंड्यासकट मागे पडला. पेटी उघडली, गुलाबी-हिरवी तिकिटं रस्त्यावर पसरली. "माहा पॅसेंजर आहे तो, फोकनीच्या!" एकानं तिचे केस धरले. तिनं त्याच्या मनगटाचा चावा घेतला, तुकडा निघेपर्यंत. पाठीत उभारी बसली तशी ती गुडघ्यावर आली, पण पुंडलिकरावची कॉलर तिच्या हातात होती. ती त्याला ओढत निघाली, जशी गिरणीतून पोती ओढतात. दारातून मी आणि सरकी फोडणारी म्हातारी, आम्ही दोघींनी त्याचे खांदे धरले. तो जड होता आणि रक्तानं निसटत होता.

"हिरासिंगभाऊ, चाल!" कांताबाई ओरडली.

हिरासिंग हलला नाही. इंजिन सुरू होतं. गाडी जुनी, एकदा बंद केली की धक्का मारावा लागे म्हणून तो ती बंद करत नसे. पण त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याच्याही तांड्यावरच्या गाड्या परत आल्या होत्या. आरशात त्याचे डोळे दिसत होते. तो वाट बघत होता, बाहेरचे लोक पुन्हा चढण्याची.

आणि ते चढायला लागलेच. पहिल्या पायरीवरच्याला म्हातारीनं लाथ घातली.

कांताबाई रांगत आत आली आणि तिनं वरची दोरी ओढली. टण टण. डबल बेल.

गाडीनं झटका घेतला. क्लच, गिअर, अॅक्सिलरेटर, सगळं एका दमात. समोरच्या दोन बैलगाड्यांच्या मधल्या फटीत हिरासिंगनं गाडी घातली. उजवीकडची गाडी आमच्या बंपरनं उचलली गेली आणि जळत्या टायरवर कलंडली. बैल सोडलेले होते म्हणून वाचले. कापसाचा भडका उडाला. मागच्या फुटक्या काचेतून मी पाहिलं, रक्ताळलेल्या नाकानिशी धावजी त्या आगीत हात घालत होता. गाडी त्याचीच होती.

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात पुंडलिकरावला टेबलावर घेतलं. अंगठा काढावा लागला, जीव राहिला. मला टाके पडले. कांताबाईच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि ती बाकावर बसून शिव्या देत होती. हिरासिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मी नाही हाणली गाडी," तो म्हणाला. "सांगून ठेवतो. मले त्याले मरू द्याचं होतं. घंटी वाजली न पाय गेला."

"मंग पायाले चहा पाज," कांताबाई म्हणाली. "मलेही आण एक."

फौजदार आला. कोणी मारलं, ओळखाल का, म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत कांताबाई म्हणाली, "तो बिनतिकिटाचा होता, सायेब. बिनतिकिटाच्याले मी ओळखत नाही." फौजदार माझ्याकडे वळला. मी कपाळाच्या पट्टीवर हात ठेवला आणि म्हटलं, एका डोळ्यानं काय दिसणार? त्या माणसाची गाडी आम्ही जाळली होती. त्यावर तुरुंगही द्यायचा म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

त्यानंतर मी यवतमाळच्या पाटीपुऱ्यात तिच्या घरी जायला लागले. दीपा बारावीला होती, जीवशास्त्रात कच्ची. मला रिटायर व्हायला थोडं राहिलं होतं आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून करमत नसे. रविवारी सकाळी मी शिकवायचे आणि कांताबाई बरगड्यांना पट्टा बांधून आमच्या डोक्यावरून ओरडायची, "मॅडम, हिले मारत जा. लाड नका करू."

अशाच एका रविवारी दारात पुंडलिकराव आला. दात नसल्यामुळे गाल बसलेले. उजवा हात खिशात, डाव्या हातात साडीचा पुडा आणि पेढ्यांचा डबा. दारातूनच म्हणाला, "ताई, आजपासून तुम्ही माझ्या बहीण."

"बहीन?" कांताबाई उठली. "थांब."

ती आत गेली आणि कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर कापूस घेऊन आली. भीमराजच्या जळत्या गाडीतून जेवढा निघाला होता तेवढा त्यानं बहिणीच्या घरी आणून टाकला होता. स्वतःच्या घरात ठेवायची त्याची हिंमत नव्हती. काही बोंडांच्या कडा अजून काळ्या होत्या.

"पाह्य न सांग. कसा आहे?"

पुंडलिकरावनं खिशातून हात काढला. चार बोटं आणि एक गुलाबी बुंधा. त्यानं कापूस धरायचा प्रयत्न केला. तो निसटून खाली पडला. त्यानं उचलला. पुन्हा पडला.

"अंगठा गेला. डोळे तं फुटले नाही न तुहे?"

तो खाली बघत राहिला. दीपा वही मिटून बसली.

"चांगला आहे," तो शेवटी म्हणाला. "तेव्हाही चांगला होता."

"मंग कवडी काहून म्हटलं?"

"गोदामात जागा नव्हती, ताई. कोणाच्या तरी गाड्या परत पाठवायच्याच होत्या. त्या दिवशी..."

कांताबाईनं त्याच्या थोबाडीत दिली. साधीसुधी नाही. तो दाराच्या चौकटीवर आपटला आणि पेढे अंगणात उडाले. तिला स्वतःलाही बरगडीतून कळ आली असावी, कारण ती वाकली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

"त्या दिवशी तू माहा पॅसेंजर होता," ती म्हणाली. "म्हणून वाचला. आज तुह्याजोळ तिकीट नाही."

पुंडलिकराव गालावर हात धरून उभा होता. निघून जाईल असं मला वाटलं. गेला नाही.

"हे मले कायले सांगून राह्यला?" कांताबाई ओरडली. "भीमराजले सांग जाऊन. बोरी अरबले. दारव्ह्याची गाडी आहे दुपारी. त्याचा हात पाह्य, आपला दाखव, न म्हण त्याले का कापूस चांगला होता." साडीचा पुडा उचलून तिनं त्याच्या काखेत खुपसला. "हे बायकोले ने. आन एक ध्यानात ठेवजो. त्या गाडीवर माही ड्यूटी नसते."

तो गेला. आम्ही खिडकीतून बघितलं, रिक्षावाल्याला तो स्टँड म्हणून सांगत होता.

पुढच्या रविवारी मी तिला विचारलं, "काय केलं हो भीमराजनं?"

कांताबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "परत आला न तो?"

"आला का?"

"आला. बोरी अरबले आपल्या पायानं चढला गाडीत, हिरासिंगभाऊनं पाह्यलं." तिनं एक खडा काढून दाराबाहेर फेकला. "मंग झालं तं. तुम्ही दीपाचं पाहा."